बारशाचे ४१२ फोटो, फ्रेमला एकही नाही : तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात भाचीचं बारसं झालं. फोटोचं काम माझ्याकडे. घरी येऊन मोजले तर ४१२. बहीण म्हणाली, "दादा, एक दे रे मोठा करून लावायला." रात्री दोनपर्यंत शोधलं, एक सापडेना. पाळण्यामागे खिडकी, त्यामुळे बाळ आणि आत्या दोघी काळ्याठिक्कर. आत्या कानात कुर्र करतेय त्या फोटोत तिच्या पाठीवर धपाटे घालणारे हात तेवढे स्वच्छ आलेत. बाकी सगळे ओळीत उभे, चेहऱ्यावर 'आटप रे आता'. फोन चांगला आहे, म्हणजे खोट माझ्यातच. घरचे, सणासमारंभाचे फोटो तुम्ही कसे काढता? फसलेले आधी सांगा.

*

पाळणा हलवता येत नसेल तर आपण हलायचं. खिडकीकडे पाठ फोटो काढणाऱ्याची हवी. मी लेकाचे फोटो सकाळी खिडकीपाशी सतरंजी टाकून काढते. थेट ऊन आलं की गजांना पांढरा पंचा अडकवते, उजेड मऊ होतो. खोलीतले दिवे बंद, नाहीतर एक गाल निळसर, एक पिवळा. आणि जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. उभ्याने काढला की नुसतं डोकं दिसतं, पाय पणतीएवढे.

*

माझा प्रांत औक्षणाचा! भाऊबीजेला फ्लॅश मारला की निरांजन विझल्यासारखं दिसतं आणि भाऊ आधार कार्डावरचा. आता मी ट्यूबलाइट घालवते, आतल्या खोलीतला दिवा राहू देते. फोनच्या स्क्रीनवर बोट भावाच्या गालावर टेकवायचं, शेजारी छोटा सूर्य येतो, तो हळूहळू खाली ओढायचा. ज्योतीभोवतीचा पांढरा गोळा आक्रसत जातो. ज्योतीला टोक दिसलं की थांबायचं. (बोट दाबून धरलं तर बहुतेक फोनांत फोकस तिथेच लॉक होतो.) उजेड कमी असल्याने फिरतं ताट पुसट येतं, म्हणून बहिणीला आधीच सांगून ठेवते, शेवटची फेरी सावकाश. दोन वर्षांपूर्वी ती इतकी सावकाश ओवाळत बसली की भाऊ म्हणाला, "ओवाळणी वाढवून देतो, पण उरक."

*

फसलेला हवाय ना? घ्या. धाकट्या भावाची मुंज, रिळाचा जमाना, ३६ फोटोंचा रोल. वडिलांनी माझ्या हाती कॅमेरा दिला. मातृभोजन, भिक्षावळ, सगळं मोजूनमापून काढलं. काउंटर ३६च्या पुढे गेला तरी रोल संपेना, तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मची जीभ आतल्या खाचेत अडकलीच नव्हती. रोल जागचा हललाच नाही. पुढचा फोटो घेताना डावीकडची चकती फिरतेय का, एवढं बघायला हवं होतं. त्या मुंजीचा एकच फोटो आहे, शेजाऱ्यांनी काढलेला. त्यात बटू अर्धा आणि आइस्क्रीमचा पिंप पूर्ण. अजूनही पहिले दोन फोटो काढले की मी थांबून, मोठे करून बघतो. घरचे हसतात.

*

लेन्स पुसा. पुरणाच्या हातांनी फोन धरता आणि मग म्हणता दिव्यांना धुकं येतंय.

*

लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण मला तीन लग्नांत हुकला, कारण 'सावधान' ऐकून मीही अक्षता टाकत होतो. चौथ्या लग्नात अक्षता खिशात ठेवल्या, गुरुजींच्या मागे जागा धरली आणि अंतरपाट हलायच्या आधीच सलग फोटो सुरू केले. वीसातला एक जमला : नवरीच्या पापणीवर तांदूळ. पण हॉलच्या एलईडी दिव्यांमुळे वर आडवे काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. हे मला लग्नानंतर कळलं.

*

ग्रुप फोटोत सगळे मावावेत म्हणून फोनच्या ०.५ झूमवर (रुंद लेन्सवर) जाऊ नका. कडेचा माणूस आडवा ताणला जातो. आमच्याकडे कडेला आत्याबाई होत्या. दोन वर्षं झाली, अजून ऐकतोय. चार पावलं मागे जा, १ वरच काढा. जागा नसेल तर दोन रांगा करा. आणि "तीन म्हटल्यावर डोळे उघडा" असं सांगा, मिटलेले डोळे कमी येतात.

*

धागाकर्ता परत आलोय. रविवारी करून पाहिलं. दिवे बंद, लेन्स पुसली, जमिनीवर बसलो. आई खिडकीत मेथी निवडत होती, भाची मांडीवर झोपलेली. "इकडे बघ" म्हटलंच नाही. एकूण नऊ फोटो काढले. एकात बाजूने उजेड आलाय, आईच्या नखांतली माती दिसतेय, मेथीच्या जुडीचा दोरा दातांत. लगेच बहिणीला पाठवला.

तिचं उत्तर : "सुंदर. बाळ कुठाय?"