अशनी (अवकाशातून जमिनीवर पडणारा दगड) पडून आग लागू शकते का? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावातल्या मुलांसाठी आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरवतोय. "वरून जळत आलेला दगड गवताच्या गंजीवर पडला तर गंजी पेटेल का?" हा प्रश्न येणारच. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळत जाणारे तुकडे विदर्भात कितीतरी जणांनी पाहिले, सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी पडली. ते रॉकेटचे अवशेष होते, अशनी नव्हे. पण मुलांच्या मनातली भीती तीच.

लहान अशनीचं मला समजलं आहे. साधारण १५-२० किमी उंचीवरच त्याचा वेग इतका घटतो की उजेड विझतो. पुढची काही मिनिटं तो थंड हवेतून साध्या दगडासारखा पडतो. वितळलेला थर वरच उडून गेलेला असतो, अंगावर उरते जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी साल. आत उष्णता झिरपायला वेळच मिळत नाही.

८ ऑक्टोबर १८७१ ला अमेरिकेत शिकागो शहर आणि पेश्टिगो हे गाव एकाच रात्री पेटले, त्याचा दोष बिएला धूमकेतूच्या तुकड्यांना देणारे आहेत. मला ते अजिबात पटत नाही. लांबलेला दुष्काळ, वाळलेलं लाकूड आणि सोसाट्याचा वारा असताना आकाशाकडे बोट दाखवायची गरजच काय?

अडतंय ते तुंगुस्कापाशी. ३० जून १९०८ ला सैबेरियात तुंगुस्का नदीच्या भागात आकाशातून आलेल्या वस्तूचा हवेतच स्फोट होऊन २,००० चौ. किमीहून जास्त जंगल आडवं झालं. १९२७ मध्ये रशियन शास्त्रज्ञ कुलिक तिथे पोहोचले तेव्हा होरपळलेली झाडं दिसली, पण विवर (आघाताने पडणारा खड्डा) नाही. मग झाडं भाजली कशाने? आणि १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कला असाच हवेत स्फोट झाला, त्याच्या धक्क्याने फुटलेल्या काचांनी शेकडो माणसं जखमी झाली, तिथे असं जंगल का होरपळलं नाही? कृपया सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद: तुंगुस्काला झाडं भाजली ती अग्निगोलाच्या झळीने, तापलेल्या दगडाने नव्हे. स्फोट जमिनीपासून ५ ते १० किमीवर झाला. चेल्याबिन्स्कचा सुमारे ३० किमीवर, आणि ऊर्जाही कित्येक पटींनी कमी. अंतर दुप्पट झालं की झळ चौथाई होते, त्यात खाली फेब्रुवारीतला बर्फ. तरी काहींना चेहऱ्यावर ऊब जाणवली होती.

मुलांना बिनधास्त सांगा, मूठभर दगडाने गंजी पेटणार नाही. खरंच असा दगड सापडला तर धुऊ नका, फोडू नका. जागेचा फोटो काढून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.