गुलमर्गसाठी जीपीएस : परवानगी आणि बॅटरीचे सेल

गुलमर्गच्या बर्फात न्यायला हातात धरायचं कोणतं जीपीएस घ्यावं, या प्रश्नावर ‘जाड हातमोज्यांत टचस्क्रीन निरुपयोगी, बटणांचंच घ्या’ असं वर म्हटलंय, ते पूर्ण पटलं. पण गार्मिनच्या इनरीचसारखं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं मॉडेल घ्यायचा तिथलाच सल्ला कृपया मागे घ्या. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं उपकरण भारतात बाळगता येत नाही. विमानतळांवर पर्यटकांना अटकही झाली आहे. मुंबईहून श्रीनगरचं विमान पकडणाऱ्याने हा धोका घेऊच नये. मेसेज न पाठवता फक्त उपग्रहाचे सिग्नल घेणारं साधं मॉडेल बघा, तेही विमान कंपनीला आधी विचारून.

जीपीएसमध्ये घालायच्या सेलबद्दल कुणी बोललंच नाही. नेहमीचे अल्कलाइन सेल बर्फात पटकन मान टाकतात. रिचार्ज न होणारे लिथियम डबल-ए (पेन्सिल सेलच्या आकाराचे) उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात. जीपीएसच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार लिथियम निवडा, नाहीतर चार्ज किती उरलाय ते चुकीचं दिसतं.