मोबाइल असताना ग्राफिंग कॅल्क्युलेटर काहून घ्यायचा?

भाऊ, वर तुम्ही विचारलं की ॲप फुकट भेटते तर पोराले वेगळं मशीन काहून घेऊन द्यायचं. माझ्याकडं कॅसिओ कंपनीचा एक जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर आहे, समीकरण टाकलं की त्याचा ग्राफ स्क्रीनवर काढून दाखवते, पुतण्या नागपूरहून सेकंडहँड घेऊन आला, आता तो आमच्या गावातल्या अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांमधी फिरते म्हणून सांगतो.

मोबाइल हातात आला की पोट्टं गणितावर दहा मिनिटं टिकत नाही, या डब्यात फक्त गणितच आहे. लाइन गेली, रेंज गेली तरी पेन्सिल सेलवर चालते, आमच्याकडं दोन्ही रोजचंच.

मागच्या आठवड्यात एका पोरीले x² - 4x + 3 चा ग्राफ काढायले लावला, रेघ 1 वर अन 3 वर एक्स अक्षाले कापते हे तिनं पाह्यलं, मग 3 च्या जागी 4 टाकला तर वक्र नुसता 2 वर टेकला, अन 5 टाकल्यावर तो वरच राह्यला, अक्षाले शिवलाच नाही. ती लगेच म्हणे काका म्हणूनच मुळं काल्पनिक येतात का! मुळं, म्हणजे वक्र एक्स अक्षाले कापते त्या किमती, खरी की काल्पनिक हे सांगणारं b² - 4ac पाठ होतं तिले, पण दिसलं त्या दिवशी.

फक्त परीक्षेच्या भरवशावर घेऊ नका, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या जेईईत कॅल्क्युलेटर चालतच नाही अन इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठीच्या गेट परीक्षेत कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचाच वापरा लागते. अन नवा महाग पडते, त्यापेक्षा चार घरं मिळून एक जुना घ्या, घेताना स्क्रीनच्या रेघा अन सेलच्या खोबणीतला गंज पाहून घ्या.