मदत हवी आहे: नऊ दिवसांचं वासरू आणि जेंटामायसिन

वासराला जुलाब आहेत, डोळे खोल गेलेत. डॉक्टरांनी जेंटामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली आहेत. मी वाचलंय ते असं: लहान वासराच्या अंगात पाण्याचं प्रमाण मोठ्या जनावरापेक्षा जास्त. हे औषध पाण्यात विरघळणारं, म्हणून जास्त पसरतं आणि रक्तातली पातळी तेवढी चढत नाही. उलट मूत्रपिंडं कोवळी, त्यामुळे ते शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. मग दोन डोसांतलं अंतर मोठ्या जनावराएवढंच ठेवतात की वाढवतात? जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या औषधाने मूत्रपिंडांना इजा होईल, याची मला फार धास्ती वाटते. आधी सलाइन, मग इंजेक्शन, असा क्रम ठेवावा का? डॉक्टरांशी उद्या बोलणारच आहे. नेमकं काय विचारू, जाणकारांनी कृपया सांगा.