पैसा घरात आल्यावरची मराठी कादंबरी कुठली?

ब्याडगी_संकेश्वरी (धागा)

नमस्कार मंडळी. विवेक शानभागांची 'घाचर घोचर' ही कादंबरी परत एकदा वाचून संपवली आणि आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. मूळ कन्नड, २०१३ची. मी वाचली श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादातून. माहेर निपाणीचं, त्यामुळे कन्नड बोलते घडाघडा, पण वाचायला बसले की अक्षरं लावण्यातच वेळ जातो. पुस्तक एवढंसं आहे, एका दुपारात होतं.

गोष्ट बंगळूरच्या एका घराची. बाप चहापत्तीचा सेल्समन, रोज संध्याकाळी पैचा हिशेब जुळल्याशिवाय जेवायला न उठणारा. जुन्या घरात मुंग्यांचा सुळसुळाट, आई दिवसभर त्यांच्यामागे. कंपनी बापाला मुदतीआधी घरी बसवते आणि हातात आलेली रक्कम धाकटा भाऊ, म्हणजे चिकप्पा, मसाल्याच्या धंद्यात घालतो. मसाला घाऊक आणायचा, लहान पाकिटांत भरायचा, किराणा दुकानांत पोचवायचा. धंदा चालतो, मोठं घर होतं. सांगणारा पुतण्या कंपनीत डायरेक्टर. पगार चालू, काम शून्य.

आता माझं सांगते. मला दिलंय कोल्हापुरात, चटणीच्या धंद्यातल्या घरात. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी, आणि मार्च ते मे मिरची कांडायचा डंक दिवसभर धडधडतोय. कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी, पाकिटं, कुरियर हे सगळं मी बघते. धंदा वाढवला तो माझ्या चुलत सासऱ्यांनी, तात्यांनी. जेवताना तात्यांचा फोन वाजला की टीव्हीचा आवाज कुणीतरी आपोआप कमी करतं. कुणी सांगितलेलं नाही, तशी सवयच पडून गेलीय. एकदा माझ्या मुलानं, सात वर्षांच्या, धावत जाऊन रिमोट उचलला, तेव्हा मला कसंसंच झालं.

कादंबरीत एक प्रसंग आहे. एक बाई चिकप्पासाठी मसूरच्या आमटीचा डबा घेऊन दारात येते. घरातल्या बायका तिला तोंडाला येईल ते बोलून हाकलतात. चिकप्पा त्यांना तसं करायला सांगत नाही. कमावत्या माणसाची राखण करायला त्या स्वतःहून उठतात. विरोध करते एकटी सून, अनिता. आणि सांगणारा, तिचा नवरा, नुसता बघत राहतो. मला राग चिकप्पाचा आला नाही, ह्याचा आला.

तर प्रश्न असा: मराठीत हे कुणी लिहिलंय का? 'बारोमास' वाचलं, 'झाडाझडती' वाचलं, जयंत पवारांच्या कथा वाचल्या, 'अधांतर' नाटक पाहिलं. सगळी ताकदीची. पण तिथं शेती बुडते, गाव धरणाखाली जातं, गिरणी बंद पडते. आपल्याकडे पैसा जाण्याचं साहित्य भरपूर आहे. येण्याचं कुठंय? 'श्रीमंत झाले आणि बिघडले' असलं तात्पर्य नको. जेवणाच्या टेबलावर, स्वयंपाकघरात काय बदलतं ते हवंय.

गुंठामंत्र्याचा_भाचा

ताई, माझं आजोळ हिंजवडीच्या बाजूचं. जमिनी विकून पैसा येण्याचं म्हणाल तर आमच्याएवढा कुणी पाहिला नसेल. त्यावर 'मुळशी पॅटर्न' आला २०१८ साली, पण तो सिनेमा. कोयते, गाड्या, गाणी. खोटं नाही, पण ते घराबाहेरचं झालं. घरातलं सांगू? मामाच्या तीन मजली बंगल्यात लिफ्ट आहे आणि मामी अजून दुधाच्या पिशव्या धुऊन, सुकवून, घडी घालून ठेवते. दोन ड्रॉवर भरलेत. मामा ओरडतो, सुना हसतात. मामी त्या विकतही नाही आणि टाकतही नाही. ह्या ड्रॉवरवर कादंबरी होईल की राव!

पण लिहिणार कोण? ज्यांच्याकडे पैसा आला ते वाचत नाहीत आणि लिहिणारे सगळे पगारदार.

निवृत्त_हेडक्लार्क

ब्याडगीताई, मराठीत काहीच नाही हे पटत नाही. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' वाचा. कोकणातल्या जगबुडी नदीकाठचं घराणं, चार पिढ्या, दोन जाडजूड खंड. घरात सत्ता कुणाची, बायकांनी काय सोसलं, सगळं आहे. नेमाड्यांच्या 'हिंदू'तही खंडेरावाचं घर, शेती, वाटण्या आहेतच. आपलं न वाचता कन्नडकडे, इंग्रजीकडे बघायची फॅशन झाली आहे.

आणि भाचेसाहेब, पगारदारांनी लिहिलं म्हणून काय झालं? मीही पगारदारच होतो.

ब्याडगी_संकेश्वरी

काका, फॅशन कसली हो, निपाणी माझं माहेर आहे, कन्नड मला परकं नाही. आणि खोतांचा पैसा हा वाडवडिलार्जित. तो माणसाच्या आधीपासून घरात असतो. मी म्हणतेय तो दहा वर्षांत आलेला, ज्याच्या आधीचं सगळं सगळ्यांना लख्ख आठवतंय असा. माझ्या सासूबाईंना गॅसची शेगडी पहिल्यांदा पेटवल्याचा दिवस आठवतो, आणि आता त्याच सासूबाई पाहुण्यांसमोर मला म्हणतात, "आमच्यात बायकांनी डंकावर जायची पद्धत नाही." पद्धत कधीपासून? त्याच डंकावर बसून मिरच्यांची देठं त्यांनी खुडलीत.

भाऊ, मामीचा ड्रॉवर झकास. तुम्हीच लिहा. तुम्ही वाचताय म्हणजे तुमचाच नियम तुम्ही मोडलाय.

दुबईकर_मालवणी

जरा सरहद्दीपलीकडे जाऊया. दानियाल मुइनुद्दीन यांचा इंग्रजी कथासंग्रह, 'इन अदर रूम्स, अदर वंडर्स', २००९चा. पाकिस्तानी पंजाबातला एक जमीनदार आणि त्याच्याभोवतीची माणसं. पहिलीच कथा नवाबदीन इलेक्ट्रिशियनची. ह्या बाबाची ख्याती काय, तर विजेचं मीटर सावकाश फिरवण्याची! बारा मुली पदरात. मालकाकडून मोटरसायकल मिळते आणि गड्याची चालच बदलते. पुढचं सांगत नाही. इथं साइटवर माझ्याबरोबर मुलतानकडचा एक फोरमन आहे. त्याला कथा सांगितली तर म्हणाला, "हमारे गाँव में भी एक था." म्हटलं, आमच्या कुडाळातही होता.

दुसरं मोहसिन हमीद यांचं 'हाऊ टू गेट फिल्दी रिच इन रायझिंग एशिया', २०१३चं. सगळं 'तू'ला उद्देशून, श्रीमंत कसं व्हावं शिकवणाऱ्या पुस्तकांच्या थाटात. खेड्यातला पोरगा शहरात येतो आणि मिनरल वॉटरच्या वापरलेल्या बाटल्यांत नळाचं उकळलेलं पाणी भरून विकतो. पैसा येण्याचंच पुस्तक.

चतुर_चाणाक्ष

कुणाकडे पीडीएफ आहे का वरच्या सगळ्यांची?

गुंठामंत्र्याचा_भाचा

विकत घ्या की. मिसळीला देता तेवढेच पैसे लागतात.

ब्याडगी_संकेश्वरी

दुबईकर, हमीद मी वाचलंय. हुशार आहे, जरा जास्तच. 'तू तू' करत लेखक स्वतःवर खूश झाल्यासारखा वाटतो आणि माणसं लांब राहतात. त्या पाण्याच्या धंद्यात बाटल्या धुतल्या कुणी, बुचं कुठून आणली, उधारी किती थकली, हे मला हवं होतं. शानभाग तेवढंच सांगतात जेवढं घरात कानावर पडतं, म्हणून खरं वाटतं. मुइनुद्दीन मात्र आजच मागवते. मीटरवाला आमच्या गल्लीतही होऊन गेलाय. नाव घेत नाही, त्याची नातवंडं आमची गिऱ्हाइकं आहेत.

अजून एक आठवलं. किरण गुरवांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', ज्याला २०२१चा साहित्य अकादमी मिळाला. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या पोराची घालमेल इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुणी टिपलेली मी वाचली नाही. पण बाळू शिकायला आलाय. धंद्यात पडलेला बाळू, चाळिशीत जीएसटीचा रिटर्न भरताना भावाशी भांडणारा बाळू, तो अजून यायचाय.

निवृत्त_हेडक्लार्क

हा मुद्दा मान्य. वाडवडिलार्जित आणि नवा पैसा, फरक आहे. तरी 'तुंबाडचे खोत' वाचाच. आणि एक विचारतो, 'घाचर घोचर' घरात कुणाला वाचायला दिलंत का?

ब्याडगी_संकेश्वरी

जाऊबाईंना दिलं होतं. निम्म्यातून परत केलं. म्हणाल्या, "हे तर रोजचंच, पैसे देऊन कशाला वाचायचं?" तात्यांनी टेबलावर पालथं पडलेलं पाहिलं, उचललं, मसाल्याच्या धंद्यावरचं आहे कळल्यावर विचारलं, "मार्जिन किती धरलंय त्यानं?"

खोतांचा दुसरा खंड वाचनालयात आहे, पहिला कुणीतरी नेलाय तो परत आलेला नाही. दुसऱ्यापासून सुरुवात केली तर चालेल का?

निवृत्त_हेडक्लार्क

अजिबात नाही. पत्ता कळवा, माझा पाठवतो. चटणीचं पाकीट घालून परत करा, तिखट बेताचं.