हेल्प फाइल उघडली की खिडकीच गायब! तुमचे अनुभव टाका

नांदेडचा_मामा: जुन्या सीड्यांच्या डब्यात भाच्याला काल जावा प्रोग्रॅमिंगची सीएचएम (विंडोजची जुनी हेल्प फाइल) सापडली. डावीकडं अनुक्रमणिका आली, एका प्रकरणावर क्लिक केलं अन् आख्खी खिडकी गडप. मला एकदम आमच्या नांदेडच्या श्रीनगर भागातलं नेट कॅफे आठवलं. नेट तासावर, त्यात भारनियमन. म्हणून सगळं पुस्तक एकाच फाइलीत मिळालं की लॉटरी लागल्यागत वाटायचं. अन् घरी येऊन बघावं तर उघडेना. तुमच्याकडं काय व्हायचं?

अंबाजोगाईची_ताई: उजवीकडं पांढरं पान येतंय का? नेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज अडवतं. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक. कुकरची शिट्टी झाली, येते.

उदगीरकर: आमच्या सरांनी फाइल एका मशीनवर ठेवली न् सगळ्या लॅबला तिथूनच उघडायला लावली. मजकूर कुणालाच दिसंना. २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून नेटवर्कवरची सीएचएम अशी उघडतच नाही, हे कुणाला ठाऊक! सर म्हणले व्हायरस आलाय. लॅब फॉरमॅट. नंतर पुन्हा तेच 😂 पोरांचे प्रोजेक्ट गेले ते वेगळंच. आपल्या मशीनवर कॉपी केली असती तर भागलं असतं.

परभणी_एक्स्प्रेस: 😂😂 आमच्या इथं फोल्डरचं नावच 'सी#'. पाथमध्ये, म्हणजे फाइलीच्या पत्त्यात, # आलं की सीएचएम रुसते. 'सीशार्प' केलं, चालली.

नांदेडचा_मामा: ताई, पान पांढरं नाही हो, खिडकीच जाते.

जालना_मोसंबी: श्रीनगरचं म्हणजे जिन्याखालचं का? तिथला भजेवाला आहे का अजून?

नांदेडचा_मामा: हाव, तेच. भजेवाला गेला, आता मोबाइलचं दुकान.

अंबाजोगाईची_ताई: मग ॲपडेटा फोल्डरमधली एचएच.डॅट फाइल उडवा. खिडकीची जागा, फेव्हरिट्स त्यात असतात. ती बिघडली तरी असं होतं. नवी आपोआप बनते.

तेर_धाराशिव: तुमची निदान सीएचएम. अप्पांच्या आडतीवरच्या हिशोबाच्या प्रोग्रॅमची मदत त्याहून जुन्या एचएलपी फाइलीत. ती उघडायचा व्ह्यूअर विंडोज व्हिस्टापासून सोबत येईना, तेव्हा वेगळा उतरवून भागवलं. विंडोज १० साठी तोही नाही. अप्पा म्हणलालेत, मदत कशाला, मी हाय की! अन् खरंच सगळ्या फंक्शन की त्यांना पाठ.

परभणी_एक्स्प्रेस: अप्पांना नमस्कार सांगा 🙏

लिनक्सवाला_बीड: मी उघडायच्या भानगडीतच पडत नाही. सेव्हन-झिप ह्या झिप सोडवायच्या प्रोग्रॅमनं सीएचएम सोडवायची. आत साधी एचटीएमएल पानं न् चित्रं असतात, ब्राउझरमध्ये वाचा. अनोळखी फाइल असली तर मात्र जपून, आत स्क्रिप्टही (आपोआप चालणारा कोड) असू शकते.

नांदेडचा_मामा: डॅट उडवली, उघडली! भाचा म्हणतो, डार्क मोड कुठाय.

जालना_मोसंबी: 😂 तेर, सोयाबीन काय भाव चाललंय तिकडं?

तेर_धाराशिव: नका विचारू. अप्पांनी गोणी घरातच ठेवल्यात.