मदत हवी आहे: लिव्हर सिरॉसिस असताना हर्नियाचं ऑपरेशन

नमस्कार मंडळी. बाबा ६१ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी सिरॉसिसचं (लिव्हर कडक होऊन हळूहळू निकामी होणं) निदान झालं, पोटात पाणी होतं. आता बेंबीचा हर्निया लिंबाएवढा झालाय. वरची कातडी इतकी पातळ आणि चकचकीत झालीय की आई आंघोळीनंतर तिथे टॉवेलसुद्धा नुसता टेकवते, पुसत नाही.

सर्जन म्हणाले, हर्नियापेक्षा लिव्हरची काळजी जास्त. चाइल्ड-पग स्कोअर (लिव्हर किती खराब आहे ते सांगणारे गुण) काढला: बिलिरुबिन २.४, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.९, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप) १.५, पोटात थोडं पाणी, शुद्ध व्यवस्थित. एकूण ८ गुण, म्हणजे 'बी' गट. ५-६ असते तर धोका बराच कमी, १० किंवा त्याहून जास्त असते तर असं ऑपरेशन शक्यतो टाळतात. मेल्ड स्कोअरसाठी (लिव्हरच्या आजाराची तीव्रता मोजणारा दुसरा स्कोअर) क्रिएटिनिन, सोडियमही तपासायला दिलंय.

पेच असा, की थांबलो आणि कातडी फुटली किंवा आतडं अडकलं, तर घाईत ऑपरेशन करावं लागेल आणि त्यात धोका कितीतरी वाढतो. आत्ता केलं तर रक्तस्राव, जखम न भरणं, पुन्हा पाणी साठणं, लिव्हर आणखी खचणं, ही भीती.

कुणाच्या घरी असं झालंय का? आधी पाणी किती कमी करून घेतलंत, त्याला किती आठवडे लागले? लिव्हर ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्येच करावं का? भूलतज्ज्ञांना काय काय विचारावं? पाणी साठू नये म्हणून मिठाशिवाय जेवण बाबांना अजिबात उतरत नाही, त्यावरही काही सुचवा. कृपया अनुभव सविस्तर लिहा, गुरुवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय.